शेंदराखालचा माणूस

१२ नोव्हेंबर १९७८

सकाळी चहाबरोबर एकेकाची विचारपूस. हिला विचारलं, गुडघा काय म्हणतो? म्हणाली, "गुडघा म्हणतो, तुम्ही आफ्रिकेत फिरा, बाजाराला मी जाते." म्हणजे बरा आहे. सूनबाईचा खोकला उतरला. नातवाचं सुजलेलं गालफड उतरलं, आता बोलायचा थांबत नाही. गाय रवंथ करतेय. पानवेलीच्या टोकाच्या ओळीला मर लागल्यासारखी वाटते, बघायला हवं. कुंपणापलीकडे हिरावैनी केळीला पाणी सोडत होत्या. त्यांनाही विचारलं, कंबर कशी?

"हाय तशीच, भावजी. तुमची ती मेलेली मान्सं कशी हायेत?"

मेलेल्या माणसांचं काही खरं नाही. वसईच्या इतिहासाचं लिहितोय, त्याचं प्रकरण चौथं अडलंय. मोझांबिकच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेली माणसं पोर्तुगीज गलबतांतून इथे उतरली. कुणी पालखी वाहिली, कुणी वाड्यांत राबली. चर्चच्या फादरांनी दिलेल्या पोर्तुगीज शब्दकोशाच्या आधारे जुन्या कागदांचं अक्षर लावत लावत इथवर आलो. पण किल्ला मराठ्यांनी घेतला, पोर्तुगीज साहेब होड्यांत बसून गेले, तेव्हा ह्यांचं काय झालं? कागद गप्प.

एकच धागा. हि.वैं.च्या वाडीत बावखलाच्या, म्हणजे गोड्या तळ्याच्या काठाला, पाण्याच्या अगदी कडेशी, खापऱ्या देव आहे. शेंदराचा गोळा नुसता. इतर देवांना नारळ, ह्याला अवसेला पाव, ताडी आणि पेटवलेली विडी. पाव आणि विडी मागणारा देव इथला कसा असेल?

१४ नोव्हें.

दळवी सरांचं पत्र. मुंबईला कॉलेजात आफ्रिकेचा इतिहास शिकवतात, त्याआधी बरीच वर्षं दार-ए-सलामला होते. मी व्हर्नाक्युलर फायनल, सातवी पास, ते डॉक्टर. तरी पत्रात मला 'सहकारी' म्हणतात. ती ओळ हिला वाचून दाखवली. ही म्हणे, मग सहकाऱ्याला सांगा, भात झोडायला या.

सर लिहितात, प्रकरण त्यांच्या ग्रंथात घ्यायचा विचार आहे, पण ऐकीव गोष्टीवर उभं राहणार नाही. दगडावर शेंदराबाहेर काही कोरलेलं दिसत असेल तर त्याचा ठसा पाठवा. कृतीही दिलीय: ओला कागद, ब्रशाने हलके थोपटणे, वाळू देणे, मग काजळी.

हि.वैं.ना विचारायला गेलो. त्यांनी आधी केळीचं पाणी बंद केलं. मग म्हणाल्या, कागद लावा, हात लावू नका.

१८ नोव्हें.

सकाळीच कागद, ब्रश घेऊन बावखलाशी गेलो.

दगडाच्या कडेला, शेंदराबाहेर, एक रेघ दिसत होती. तिच्यावर कागद लावला. थोपटला. उन्हात वाळू दिला. कागद अलगद सुटेल म्हणून ओढला तर आतून करकर आवाज. पाणी कवचाच्या भेगेत शिरलं असणार. पिढ्यान् पिढ्यांचा तेल-शेंदूर, फणसाच्या सालीएवढा जाड, अख्खाच्या अख्खा सुटून माझ्या मांडीवर आला.

आणि आत माणूस.

डोक्यावर बारीक बारीक टिंबांचे केस. अंगात आखूड बंडी, तिला गुंड्या. खांद्यावर दांडा, पालखीचाच असावा. डोळे उघडे. इतकी वर्षं कागदांत शोधतोय तो हा, माझ्यापासून हातभर. क्षणभर काय आनंद झाला, सांगता येत नाही.

मग मागे बघितलं. हि.वै. उभ्या. ओरडल्या नाहीत.

"नागडा केलात, भावजी."

खांद्यावरचा पंचा त्याच्यावर टाकला आणि मला जा म्हणाल्या.

पण अक्कल कुठे होती? घरी येऊन आधी सरांना कार्ड खरडलं, सापडला म्हणून. नातू पळत जाऊन पेटीत टाकून आला. मग बसून विचार केला. उलटं करायला हवं होतं.

२२ नोव्हें.

कुंपणापलीकडून हाक नाही. पाट आमच्याकडे वळवतात ते वसंताला पाठवून, स्वतः येत नाहीत. वसंता त्यांचा मुलगा, गोखिवऱ्याला कारखान्यात आहे.

सरांचं उत्तर आलं. दोन तारखेला येतात. बरोबर संग्रहालयाचा माणूस आणि टेंपो. 'असा दगड उघड्यावर राहता कामा नये.' सरांचंही चूक नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही टेंपोच आणला असता.

जाऊन हि.वैं.ना सांगितलं. लपवून काय करणार. वसंता म्हणाला, जाऊ दे की मुंबईला, ह्याच्या जागी पाण्याचा पंप बसवीन. हि.वै. त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "तुजा पंप विडी वढतो काय?"

मग माझ्याकडे पाठ करून केळीत शिरल्या.

ही रात्री भाकरी वाढताना म्हणाली, "पुरावा तुमचा, देव तिचा. आधी तो कोणाचा ते बघा." हिच्या तोंडाला कुलूप नाही, पण किल्ली बरोबर जागी लागते.

२५ नोव्हें.

वसंता निरोप घेऊन आला. सुटलेलं कवच समुद्राला द्यायचं असतं, आणि ज्याच्या हातून सुटलं त्यानेच द्यायचं. टोपलीत घेतलं, वर केळीचं पान. अर्नाळ्याच्या एसटीत हि.वै. माझ्या पुढच्या बाकावर, मान ताठ. कंडक्टर म्हणाला, आजोबा, मासळी टपावर. म्हटलं, मासळी नाही, देवाचे कपडे आहेत. त्याने टोपलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग बसा." पुढच्या बाकावरची मान जरा हलली. हसल्या असाव्यात.

किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले, बायांनी वाट करून दिली. गुडघाभर पाण्यात जाऊन टोपली रिकामी केली. लाल रंग पाण्यावर थोडा वेळ दिसला, मग गेला.

परत येऊन बसलो तेव्हा त्यांनी आपण होऊन विचारलं, कुठला तो? मी समुद्राकडे हात केला. सांगितलं, सरळ पलीकडे, गलबताला महिना-महिना लागायचा. कसे पकडले, कसे आणले, विकले.

"तितं आता कोनाचं राज हाय?"

म्हटलं, पोर्तुगीज गेले. तीन वर्षं झाली, आता त्यांचं त्यांचंच राज्य आहे.

हि.वैं.नी पदराने पाय पुसले, वाळू झटकली. "मग त्याला कोनी सांगितला का न्हाय?"

इतकं वाचलं, ही गोष्ट मनात आली नाही.

३० नोव्हें. अवस

हि.वैं.नी बोलावलं. पाव, ताडी, विडी मांडलेली. वाटीत तेलात कालवलेला शेंदूर तयार. पंचा अजून त्याच्या अंगावर.

म्हणाल्या, परवा तुमची मान्सं येनार. शेंदूर थांबवायचा असेल तर आताच सांगा, मी थांबवीन. राग नव्हता आवाजात. खरंच माझ्यावर सोडलं होतं.

प्र. ४ डोळ्यांपुढून गेलं. सहकारी हा शब्दही गेला. म्हटलं, लावा वैनी.

"आदी त्याला सांगा. तुमाला येते ना त्याची भाषा?"

मला येते ती त्याला पकडणाऱ्यांची. तीही कोशातली. ती त्याच्या कानावर घालवेना. इथे एवढी वर्षं पाव खाल्ला, आपली बोली कळत असेल. मांडी घालून बसलो आणि घरच्या बोलीत सांगितलं. तुझ्या गावचे साहेब गेले. तुझी माणसं आता कुणाची नाहीत, त्यांची तीच. उशीर झाला सांगायला.

हि.वैं.नी विडी पेटवून ठेवली. मग दोघांनी मिळून शेंदूर लावला. ह्या खेपेला हात लावू नका म्हणाल्या नाहीत.

२ डिसेंबर

सर आले. बरोबर संग्रहालयाचे गृहस्थ. टेंपो नाक्यावरच थांबला, वाट अरुंद. बावखलाशी ताजा लालभडक गोळा. सर बघतच राहिले.

"अण्णा, पुरावा झाकलात तुम्ही."

"नेसवला, सर."

गृहस्थ म्हणाले, खरवडता येईल, रसायन आहे. हि.वै. विळा घेऊन केळीखाली नुसत्या उभ्या होत्या. सर त्यांच्याकडे बघून गृहस्थांना म्हणाले, नको, देव पूजेतला आहे, असू द्या. मग चप्पल काढून खाली बसले आणि अवसेला काय काय झालं ते सगळं मला सांगायला लावलं. वहीत उतरवत होते. मोझांबिकचं सांगितलं त्या जागी पेन थांबलं, चष्मा पुसला.

जेवणाला वालाचं बिरडं. सर दोनदा मागून जेवले. टेंपो रिकामा गेला. बऱ्याच दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरला. दुपारी ढाराढूर झोपलो, ही म्हणे घोरणं वसई रोडपर्यंत गेलं असेल.

ठसा काही उमटला नव्हता, म्हणून मी आठवणीतून काढलेलं चित्र सरांना दिलंय. जाताना म्हणाले, "माझा तुमच्या डोळ्यांवर विश्वास आहे. ग्रंथाच्या बाकीच्या संपादक मंडळींचा बसेल का, सांगता येत नाही."

न बसो. दगड जागेवर आहे आणि कुंपणापलीकडून संध्याकाळी हाक आली, राजेळी केळ्यांचा फणा न्या म्हणून.

१६ डिसेंबर

प्र. ४ पुरं केलं. पाहिलं तेवढंच लिहिलं, आणि आता दाखवता येत नाही हेही लिहिलं. हि.वैं.ना वाचून दाखवलं. ऐकून म्हणाल्या, नाव न्हाय त्याचं? म्हटलं, कागदात नाहीच लिहिलं कुणी. "मंग आमी हाक मारतो तेच लिवा. पन घर कुटलं ते आदी लिवा." बदललं.

सरांकडून अजून काही नाही. आज पत्र टाकलं, शेवट इथे उतरवून ठेवतो:

'…मंडळींनी नाही म्हटलं तरी मला वाईट वाटणार नाही, सर. थोडं वाटेल. पण होय की नाही ते लवकर लिहा. हिरावैनी रोज विचारतात. महिनाअखेर पुन्हा अवस आहे, आणि त्याला काय सांगायचं ते आम्हाला कळायला हवं.'