पाकिटातलं पान

रविवार, १० मार्च

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण पाठ इतकी धरली आहे की आडवी झाले तर पुन्हा उठायची नाही. तेव्हा आज उभ्या उभ्या केलेला गोड मानून घ्या. आईला आणि दादालाही सांगा.

मी मजेत आहे. बागकामाच्या शाळेतले वर्गाचे आठवडे संपले, आता पुन्हा पगारी कामाची पाळी. या वेळी आमच्या तुकडीला संत्र्यांच्या एका मोठ्या बागेत पाठवलंय. ‘शिकायचं त्यांच्याकडून आणि वर पगारही त्यांनीच द्यायचा? यात काहीतरी गोम आहे,’ असं तुम्ही म्हणाला होतात. गोम सापडली, बाबा. उजाडायच्या आत उठवतात. पहिल्या पगारातून गुडघ्यापर्यंतचे बूट घेतले. ते घालून मी बदकासारखी चालते असं माझ्या खोलीतली मैत्रीण म्हणते. ती स्वतः परवा बुटांची उलटापालट करून सकाळभर खणत होती आणि पाय का दुखतात म्हणून मलाच विचारत होती.

खोली लहान आहे. दोन खाटा, एक डुगडुगणारं टेबल, मोजे वाळत घालायला दोरी. खिडकी मात्र रोपांच्या शेडकडे उघडते, त्यामुळे पाणी घातलं की ओल्या मातीचा वास थेट उशीपर्यंत येतो. घरच्यासारखं वाटतं.

सध्या मला रंगकाम मिळालंय. हसू नका. लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन मुकादमबाईंच्या मागे मागे फिरायचं आणि त्या दाखवतील त्या खोडावर पट्टा ओढायचा. नखांतला रंग काही केल्या निघत नाही. हे रंगकाम कशासाठी, ते पुढे लिहिते.

तुमचं पत्र मिळालं. नेहमीसारखं चार ओळींचं. तब्येत बरी आहे, गावच्या मास्तरांना नव्या बागेसाठी कलमं हवीत, पुढच्या महिन्यात फांद्यांवरचे डोळे काढायला घेईन, आणि आठवण म्हणून आपल्या झाडाचं एक पान पाठवतोय. ‘आपलं झाड’ म्हणजे कुठलं, हे आपल्या घरात कुणाला विचारावं लागत नाही. आल्यागेल्याला तुम्ही आधी ते झाड दाखवता आणि मग बसायला सांगता. आपल्या रोपवाटिकेतल्या प्रत्येक संत्र्याच्या कलमावरचा डोळा त्याच्याच फांदीचा.

पान बाहेर काढलं, उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं. सवय तुमचीच. मग ते परत पाकिटात घातलं आणि मोजे धुवायला गेले. धुतलेलेच मोजे पुन्हा धुतले.

कामाच्या गडबडीमुळे उत्तराला उशीर झाला, असं लिहिणार होते. ते खोटं आहे.

मुकादमबाईंनी पहिल्याच दिवशी आम्हाला झाडाखाली उभं करून सांगितलं होतं, “पान उपाशी असलं ना, की मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना सारखंच पिवळं पडतं. त्याला खायला घाला. पण एका अंगाला एक डाग आणि दुसऱ्या अंगाला भलताच, असं दिसलं की रंगाचा डबा उघडा.”

तुमच्या पानाच्या दोन्ही अंगांचे पिवळे डाग जुळत नव्हते; ते मी पाकिटासकट त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं.

“घरचं का गं?”

“हो, बाबांनी पाठवलंय.”

“मग आधी तपासून घेऊ. नुसत्या माझ्या नजरेवर घरचं झाड कशाला पाडायचं?”

त्यांनी ते प्रयोगशाळेत पाठवलं. गुरुवारी निकाल आला.

बाबा, झाड आजारी आहे. तुमचं खत कुठेही कमी पडलेलं नाही. या रोगाला औषधच नाही. एक बारीक कीड तो झाडाझाडांवर नेते, आणि डोळ्यातून तो कलमात उतरतो. गेल्या हंगामात संत्री एका बाजूला कललेली, बुडाशी हिरवीच राहिलेली यायची. दादा त्यांना ‘रुसलेली’ म्हणायचा आणि आपण सगळे हसायचो. ती त्याचीच लक्षणं होती. इथे लाल पट्टा ओढलेली झाडं दुसऱ्या दिवशी मुळासकट काढतात. हेच माझं रंगकाम.

मास्तरांसाठी डोळे काढू नका. एकही काढू नका. आधी ज्यांना कलमं दिली, त्यांच्या दारात जाऊन सांगावं लागेल. लोक काय म्हणतील, रोपवाटिका राहील की नाही, मला माहीत नाही. मला फार भीती वाटते. गप्प बसलं तर कुणाला कळणार आहे, हेही मनात येऊन गेलं. पण कीड लागलेलं रोप तुम्ही कधी कुणाला फुकटसुद्धा दिलं नाहीत. मग मी कशी गप्प बसू?

तुम्हाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं, तेच सुचत नव्हतं. ‘झाडं शिकायला शाळा कशाला लागते,’ म्हणून निघताना तुम्ही माझ्याशी धड बोललाही नव्हतात. आता शाळेत गेलेली पोर बापाला त्याचं झाड शिकवणार!

काल तुमचं पत्र पुन्हा वाचलं. आठवण म्हणून पाठवायचं तर माणूस चांगलं, हिरवंगार पान तोडतो. तुम्ही तर गिऱ्हाइकाला रोप देतानाही खालची पिवळी पानं खुडून देता. आणि मला मात्र हे पाठवलंत. त्याच्या कडेला अंगठ्याचा ठसा उमटला होता. बराच वेळ हातात धरलं होतंत ना? तुम्हाला शंका आली होती, आणि तुम्ही मला विचारत होतात. दिवसभर तुमच्यामागे खुरपी घेऊन फिरायची म्हणून जिचं नावच खुरपी पाडलंत, तिला.

हे लक्षात आलं आणि मी बूटही न काढता खाटेवर बसून रडले.

मुकादमबाईंनी रजा दिली आहे. शनिवारी येते. रंगाचा डबा इथेच ठेवून येईन, आपल्या झाडाला खूण नको. तोवर करवत लावू नका. ती दोन मुठींची आहे, एकट्याने ओढू नका. एखादं रुसलेलं संत्रं वर राहिलं असेल, तर राहू द्या. खाल्ल्याने माणसाला काही होत नाही. कडू लागलं तरी आपण दोघं सावलीत बसून ते वाटून खाऊ, आणि मग उठू.

तुम्ही विचारलंत, म्हणून सांगू शकलेली

तुमची खुरपी