इअरफोन पुढे दिला

शनिवार, सभेहून आल्यावर

सुलभा प्रधान जिंकली. लिहून टाकलं एकदा.

वाकोल्याच्या व्याख्यानमालेत आज तिचा विषय होता रेडिओचा इतिहास, आणि अध्यक्ष मी. तिला बोलता येत नाही. वाक्य अर्धवट सोडते, चष्मा शोधत बसते. मी निर्धास्त होतो. बिनतारी लहरींचं श्रेय आपल्याला डावलून परदेशात कसं गेलं, यावर माझा समारोप तयार होता. सभागृह पेटवणार होतो.

तिने पिशवीतून घरी केलेला रेडिओ काढला. ना बॅटरी, ना वीज. एक तार खिडकीबाहेर सोडली, दुसरी नळाला बांधली आणि एकुलता एक इअरफोन पहिल्या रांगेत दिला. तो हातोहात फिरू लागला. मी समारोपाला उभा राहिलो, आवाज चढवला, आणि समोरून माझीच बायको नीता म्हणाली, "अरे थांब ना, ऐकू दे!" तिच्या कानात तोच इअरफोन. सगळे हसले. मी बसलो.

इअरफोन माझ्याकडे आला तेव्हा न ऐकताच पुढे दिला. का?

घरी नीताला विचारलं, "एवढं काय लागलं होतं?"

"हवामान. उद्या उकाडा वाढणार."

"हवामानासाठी मला गप्प केलंस?"

"कुणीतरी कानाशी हळू बोलत होतं रे. बरं वाटलं."

पुढच्या वर्षी उद्घाटनाचं व्याख्यान सुलभाला देणार म्हणे. ते दरवर्षी माझं असतं. तो इअरफोन मी का पुढे दिला?

हे बहुधा मोठ्यानेच म्हणालो. आतून नीताचा आवाज आला, "हळू."