आधी हात उचलायचा नाही

३ जून

तीर्थरूप आईस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे, खांदा बरा आहे, दूध वेळेवर पितो. आता कामाचं. तुझ्या बालवाडीत तू माझ्याकडून शपथ घेतलीस, की आपण आधी हात उचलायचा नाही. ती मी बॉक्सिंगमधला हेवीवेटचा जगज्जेता होईपर्यंत पाळली. समोरचा मारतो, मग मी मारतो आणि तो आडवा होतो. पेपरवाले याला डावपेच म्हणतात. मी कशाला तोंड उघडू?

पण या वेळच्या आव्हानवीराला, ज्याला सगळे बुलडोझर म्हणतात, याचा सुगावा लागलाय. तोही आधी मारणार नाही म्हणे. नुसते उभे राहिलात तर जगज्जेत्याचा पट्टा काढून घेऊ, असं पंचांनी बजावलंय. एवढी एक शपथ मागे घे, पाया पडतो. लोभ आहेच, या मागणीनंतरही राहू दे.

तुझा,
पिटुकल्या

९ जून

चि. पिटुकल्यास अनेक आशीर्वाद.

शपथ मागे घेता येणार नाही. घेतली तर वर्गातली सगळी चिल्लीपिल्ली उद्या मला तुझंच उदाहरण देतील. काळजी करू नकोस, मी स्वतः येते आणि त्या मुलाशी बोलते. येताना तुझे धुतलेले मोजे आणते.

तुझी,
आई

२१ जून

ती. आईस सा. न.

जबडा बांधलाय, म्हणून फोन न करता लिहितोय. तू त्याच्याशी नक्की काय बोललीस? घंटा वाजली, त्याने तुझ्याकडे पाहिलं, तू मान डोलावलीस, एवढंच आठवतंय. पट्टा गेला, आई. आता परत मिळवायचा तर त्याच्याशीच लढावं लागेल. शपथ मोडली नाही, पण मला फार वाईट वाटतंय. मी रागावलोय, तरी तू माया पातळ करू नकोस.

तुझा,
पिटुकल्या

५ जुलै

चि. पिटुकल्यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. सामन्याआधी त्या मुलाच्या खोलीत गेले तेव्हा तो एकटाच बुटाच्या नाडीची गाठ सोडवत बसला होता. शेवटी मीच सोडवली. त्याला आई नाही रे. माझ्या मुलाला खुशाल आधी मार, फक्त नाकावर नको, असं मी त्याला सांगितलं. त्याने नाक सांभाळलं, एवढं तूही मान्य कर.

हल्ली तो रविवारी येतो, माळ्यावरचे डबे काढून देतो आणि मला आई म्हणतो. तुझे हाल बघून मी शपथ मागे घेतली आहे. यापुढे कोणालाही आधी मार. फक्त त्याला नको. धाकट्या भावावर हात उचललेला मला चालणार नाही.

तुम्हा दोघांची,
आई