मिर्नाबाईंचं दार

३ ऑगस्ट
गेला एकदाचा! एल्मेर ऑक्टोपस धरायच्या बोटीवर गेला. दाराला कडी घातली आणि मग रडले.

परवा त्यानं झोळीला लाथ मारली. आत सुएमी होती! रडते म्हणून. पोरीला अजून तीन महिनेपण झाले नाहीत. नवरा परत यायच्या आत इथून जायचं. पण कुठं?

५ ऑगस्ट
आईकडे गेले, बंदरावर. म्हणते, "पुरुषाला राग येतोच. दर्यात भरपूर घावलं की हसत येईल बघ."
मी म्हटलं, आणि नाही घावलं तर?
आई मासे साफ करत राहिली.
किनाऱ्यावर राहून उपयोग नाही. इथलं दार न् दार त्याच्या ओळखीचं.

७ ऑगस्ट
बसनं मेरिदा शहरात, खोली शोधायला. जुन्या घरांतल्या खोल्या आता पर्यटकांसाठी. रंग काय, कुंड्या काय! एका बाईनं पोरीकडे बघूनच विचारलं, "रात्री रडते का?" आणि दार लावून घेतलं.

शेवटी मिर्नाबाई. लग्नाआधी त्यांच्या गाड्यावर मी टॉर्टिया थापायची. बाजारामागं घर आहे, एकट्याच राहतात.
"मी काय धर्मशाळा काढलीय? उद्या तुझा नवरा दारात उभा राहिला, तर तुझी कोण म्हणून त्याला अडवू?"
परत आले. बसमध्ये तेच डोक्यात — कोण म्हणून?

८ ऑगस्ट
वारा. झोप नाही.

११ ऑगस्ट
सुचलं! तीन महिने भरले की पोरीला पहिल्यांदा कडेवर घ्यायचा विधी असतो. जी कडेवर घेईल ती पोरीची धर्माची आई, आणि आम्ही दोघी कोमाद्रे. म्हणजे बहिणीहून जवळच्या. कोमाद्रेला दारातून हाकलायचं नसतं, पाप लागतं.

मिर्नाबाईंना जाऊन विचारलं. त्यांनी लगेच ओळखलं. "लबाडे! पोरीला पुढं करून घरात शिरतेस होय?"
पण डोळे पुसत होत्या. त्यांना मूल नाही.

१५ ऑगस्ट
झालं! सुएमीला कडेवर घेऊन त्यांनी टेबलाभोवती फेऱ्या मारल्या. पोरीच्या मुठीत सुई दिली, कात्री दिली, पेन्सिल दिली. हिनं पेन्सिल चोखली.
"शिकवणार मी हिला. आईसारखी बोट ठेवून वाचायला नको," मिर्नाबाई म्हणाल्या. मीपण हसले. किती दिवसांनी!

मागची खोली आम्हाला. जाड भिंती. समुद्र ऐकू येत नाही. भर दुपारी झोपले, मेल्यासारखी.

२० ऑगस्ट
एल्मेर आलाय. माझ्या आईनंच पत्ता दिला. धुतलेला शर्ट, हातात मासे, गोड बोलणं.
मी आतून मान हलवत होते — नको, नको!
मिर्नाबाई माझ्याकडे बघेनात. "तो पोरीचा बाप गं. तुझ्याबरोबर त्याचंही नातं लागलं मला. कोम्पाद्रेला कशी दाराबाहेर ठेवू?"
त्यांनी कडी काढली.
आता मागच्या खोलीत त्याला झोपायला झोळी बांधतायत.