गुढीएवढी आखूड धावपट्टी

अण्णा, डांबरावरून ओढत नेलेल्या तुमच्या मोजणीच्या साखळीची खुळखुळ सकाळपासून कानात आहे. ऊन चढतंय, आणि मी खंडेराव गेट मोहल्ल्यातल्या घरात खिडकी ते दार येरझारा घालतोय.

तो पाडवा आठवतो? आपलं क्वार्टर धावपट्टीच्या टोकापलीकडे. विमानाच्या वाटेत काय उंच झालंय ते बघायचं काम तुमचं, आणि त्या दिवशी दुर्बिणीत सापडली ती आपल्याच छतावरची गुढी. तुम्ही तडक घरी. आई पोळपाटावरून मानही वर करत नाही. "सूर्यास्ताआधी गुढी उतरत नसते. तुमचं विमान थांबवा." तुम्ही तिचं लाटणं उचलून तिरकं धरता. "पन्नास हात पुढे, एक हात वर. या चढाच्या रेषेत काही घुसलं, की पट्टीचा शेवटचा तुकडा धावायला धरायचा नाही, चढायला राखायचा. डांबर तेवढंच, जाहीर करायची लांबी कमी." मी शाळेतली पाखरांची कविता म्हणू लागलो, तर तुम्ही फटकारलंत, "कवितेतली पाखरं सामान घेऊन उडत नाहीत."

मग वजन घटवायला तुम्ही वैमानिकाला टपालाची पोती उतरवायला सांगितलंत. तो हसला, "पंडितजी, एक बाँस के लिए?" तुम्ही म्हणालात, "भैया, पंख को एक ही बहुत है." पोती उतरली. विमान गुढीच्या बरंच वरून गेलं, आणि आईने तुम्हाला श्रीखंड जरा जास्तच वाढलं.

आता माझी नात, तुमची पणती, विमान चालवते. नोकरी नवी आहे. सकाळी फोनवर म्हणाली, त्याच पट्टीच्या टोकाशी मोबाइलचा टॉवर झालाय, लांबी कमी जाहीर झालीय, आणि विमानाच्या मालकाचे पाहुणे मात्र सगळं सामान घेऊनच येणार. उन्हात हवा विरळ होते, विमान जास्त धावतं, सावकाश चढतं; हे तुमचंच शिकवणं. तरी मी तिला 'जपून गं' एवढंच म्हणू शकलो. उड्डाणाची वेळ टळून गेलीय. आकाशात घरघर नाही. फोन करायला हात धजत नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसलोय. हे पान कुठे टाकायचं, ते तुम्हीच सांगा.

कडी वाजली. पाहतो तर दारात तीच, गणवेशात, घामाघूम. "आजोबा, वो लोग सामान उतारने को राज़ी नहीं थे. मग मीच उतरले. नोकरी गेली बहुतेक." ती आत पाणी पितेय. अण्णा, नोकरीचं वाईट वाटायला हवं होतं. मला काहीच वाटलं नाही.