मशीनच्या आवाजाआड

प्रिय चिमे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहोत. फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि तुझ्या सासूबाईंचे कान त्याहून तयार. आमच्या औषधांच्या गाडीचा ड्रायव्हर तुमच्याकडेच येतोय, म्हणून त्याच्या हाती देतेय. एकटी असताना वाच. आईच्या खोकल्याबद्दल लिहितेय. तू सुट्टीत आलीस तेव्हा ती कापडाच्या धुळीचा म्हणाली होती, तोच.

माझं काम तुला ठाऊक आहे. दारोदार फिरायचं आणि खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलंय का विचारायचं. कोरोनातही हेच विचारायचो, पण तेव्हा हो म्हटलं की दारात गाडी उभी राहायची आणि शेजारी तोंड फिरवायचे. ती भीती लोकांच्या अंगात मुरलीय गं. आता आम्ही टीबी शोधतोय, तरी मी गल्लीत दिसले की लोक खोकला गिळतात. एक मास्तर नळ सोडून न्हाणीघरात खोकतात. कोपऱ्यावरची बाई टीव्हीवरच्या भांडणाचा आवाज वाढवते. मी सगळ्यांना पुरून उरते. प्रसंगी दारात ठाण मांडते, पण तपासणीसाठी बेडक्याची डबी घेतल्याशिवाय हलत नाही.

आणि आपल्या मातोश्री! मी घरात पाऊल टाकलं की यांचं शिलाई मशीन धडधडायला लागायचं. मला वाटायचं, साथ सरली, लोक पुन्हा कपडे शिवायला लागले. चारचौघींत मिरवलंसुद्धा मी. मागच्या आठवड्यात एका दुपारी लवकर घरी आले तर मशीन नुसतं धावतंय आणि आई तोंडाला पदर लावून खोकतेय. सुईखाली कापडच नव्हतं. पाय चालवत ठेवायचे आणि त्या आवाजात खोकून घ्यायचं, हे कधीपासून चाललं होतं कुणास ठाऊक! मग तिच्या ब्लाउजांकडे लक्ष गेलं. सगळे बाजूंनी आत घेतलेले. विचारलं तर मलाच फाडून खाल्लं, म्हणाली तुझ्या डब्या गावाला वाट, माझ्यामागे लागू नकोस.

शेवटी मी रडायला लागले, तेव्हा कुठे ती एक्स-रेच्या गाडीपर्यंत आली. तिथे रांगेत ओळखीची गिऱ्हाइकं दिसली, तशी डोक्यावरून पदर ओढून उभी राहिली, नव्या नवरीसारखी. मला हसूही येईना. एक्स-रे वाईट आला, मग बेडक्याचा रिपोर्टही. टीबीच आहे. गोळ्या सुरू झाल्यात. नेमाने घेतल्या तर खडखडीत बरी होईल असं डॉक्टर म्हणतात, आणि मी तिच्या उरावर बसून घ्यायला लावतेय. मीही तपासून घेतलं, मला काही नाही. तरी घास उतरत नाही. दिवसभर लोकांना घाबरू नका सांगत फिरते आणि रात्री मीच जागी असते.

कारण ठकू. सुट्टीभर तुझी लेक आजीच्या कुशीत झोपली, खिडकी बंद करून, एकाच पांघरुणात. इतक्या लहान पोरांना हा आजार लवकर धरतो, खोकला नसला तरी. आणि तू परवा फोनवर सहज म्हणालीस, ती हल्ली खात नाही, संध्याकाळी अंग कोमट लागतं. तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय माझा. दवाखान्यात जा आणि आजीला टीबी आहे असं स्पष्ट सांग, लाजू नकोस. काही निघालं नाही तरी तिला आजार होऊ नये म्हणून औषध देतात, ते मागून घे. तुम्ही दोघंही तपासून घ्या. सासूबाईंना हवं ते सांग, माझ्या नावाने खडे फोडलेस तरी चालेल. आईने तुला कळवायची बंदी केलीय. सासरी कळलं तर ठकूला परत पाठवणार नाहीत म्हणून घाबरते. काल गोळ्या घेता घेता तिने विचारलं, माझ्यामुळे पोरीला तर काही झालं नाही ना? मी म्हटलं, चिमीने कधीच तपासून आणलंय, ठणठणीत आहे. ते ऐकून आई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. चिमे, मी धडधडीत खोटं बोललेय गं. आजच जा.

तुझीच, तुझ्या फोनकडे डोळे लावून बसलेली,
ताई