जुन्या बर्फाची हजेरी

३ फेब्रुवारी
मालेगावहून एसटीने द्वारका चौकात उतरलो आणि रिक्षाने सिन्नर रस्त्यावरच्या या कोल्ड स्टोरेजमध्ये आलो. जन्मभर मास्तरकी केली, आता म्हातारपणी द्राक्षांची राखण, काय गोड नोकरी! सकाळी पेट्या भरणाऱ्या बायकांची हजेरी घेतो. मालनबाई लाजत ‘हजर’ म्हणतात आणि मला चौथीचा वर्ग आठवतो. एका सुरात म्हटलेली कविता, खिडकीबाहेरचा निंब.

शेवटच्या खोलीत भिंतभर निळा, जुना बर्फ. मालनबाई सांगत होत्या, काही वर्षांपूर्वी मंगळू मिस्त्री पाइप बघायला तिथं गेला, तो बर्फात अडकलाच. माल खराब होईल म्हणून मालक धनराजशेठनं यंत्र थांबवू दिलं नाही. बर्फात पाठमोरी सावली दिसते. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखी.

१९ मार्च
ऊन तापलंय, यंत्र धापा टाकतंय, निळा बर्फ गळतोय. सावली कुशीवर वळल्यासारखी वाटते. बायकांना त्या खोलीत पेट्या भरायला बसवू नका, असं शेठना विनवलं. हसले.

२ एप्रिल
दोन दिवस ढगाळ. भिंत पुन्हा पांढरी. शेठनी मोबाइल माझ्या नाकाशी धरला. म्हणे, उत्तर ध्रुवावर यंदा बर्फ वाढला, तापमानवाढ थोतांड, तशीच तुमची भीती. मी म्हटलं, तिथला बर्फ एखाद्या वर्षी वाढतो, एखाद्या वर्षी घटतो. चाळीस वर्षांचा उतार बघायचा असतो. नवा बर्फ म्हणजे दुधावरची साय. पसरते, पण जाडी नाही. कित्येक उन्हाळे काढलेला जुना बर्फ संपत चाललाय, तिथेही आणि इथेही.

“पांढरं दिसतंय ना, गुरुजी? मग कविता करू नका. बायकांना आत घाला.”

११ एप्रिल
साय गेली. तोंड आता आमच्याकडे. डोळे उघडे.

हजेरी घेताना शेवटच्या नावानंतर जीभ घसरली — मंगळू.

भिंतीतून आलं — हजर.

मालनबाई ओरडल्या, “पळा गं, लय झालं!” सगळ्या बाहेर गेल्या, देवाची कृपा. शेठ म्हणाले, बायका पळवल्यात ना, आता तुम्हीच माल सांभाळा. बाहेरून कडी —

त्याच दिवशी
यंत्र जोरात लावलंय. भिंतीवर नवा पांढरा थर. शेठ खूश असतील. थरामागे पाणी हलतंय —

कुणी ऐकत नाही. दार —

आता तो हजेरी घेतोय. बायकांची नावं, एकेक. मालनबाई. उत्तर नाही. बरं झालं —

आता माझं. गुरुजी नाही — शाळेतलं, वडिलांच्या नावासकट. ओ द्यायची नाही. तोंड दाबून धरलंय. पण जन्माची सवय —

पुन्हा पुकारलं —

ह